कोर्ट उठेपर्यंत

उजूनं कागद माझ्या मशीनवर ठेवला तेव्हा सुईखाली कुणाच्या तरी वरमाईची हिरवी पैठणी होती.

"हात पूस आणि वाच," ती म्हणाली.

"तूच वाच. एवढा काठ संपू दे."

"आई. वाच."

आवाज अगदी सरळ होता. पोर रडत असली की मला कळतं काय करायचं ते, पण इतकी सरळ बोलली की काहीच कळत नाही. मी मशीनचं पायडल थांबवलं.

पोलीस अधीक्षक कार्यालयाचा शिक्का बघून आधी मला वाटलं, आला बाई हुकूम. उजूचं भरतीच्या निवड यादीत नाव लागून महिना झाला होता. धावण्यात मुलींमध्ये ती दुसरी आली होती. जिच्या मागं राहिली त्या मुलीच्या पायात निदान धावायचे बूट होते, उजूच्या पायात शाळेतले. महिनाभर मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते की आता फॉल-पिको नीट करून घ्या, पोलिसाच्या आईचं दुकान आहे.

कागदात हुकूम नव्हता. 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय, या प्रश्नास आपण नाही असे उत्तर दिले आहे. तथापि आपणांस कोर्ट उठेपर्यंत साधी कैद व दंड अशी शिक्षा झाल्याचे पडताळणीत निष्पन्न झाले आहे. खोटी माहिती देऊन शासनाची दिशाभूल केल्याबद्दल आपली निवड रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.'

"कैद?" मी म्हणाले. "तुला कधी झाली कैद?"

"मागं केसची नक्कल जोडलीय. तारीख बघ."

मी तारीख बघितली. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

"वड्याचा दिवस," उजू म्हणाली.

वड्याचा दिवस काय ते सांगायला हवं. एसटी स्टँडच्या भिंतीला धरून आमची रांग होती, चौदा जणांची. माझं मशीन, शेजारी तांबोळी चाचांचा कुलपं-किल्ल्यांचा ठेला, पलीकडं चपला शिवणारे, कंगवे-आरसेवाल्या. भोईटे हवालदारांना दर महिन्याला रस्त्यात अडथळा केल्याच्या केसेस वर दाखवाव्या लागत. त्यांनीच तोड काढली होती. "मी कुणाला उठवत नाही, तुम्ही मला महिन्याला एक नाव द्या." रांगेला ते फारच बरं वाटलं. मग नंबर सुरू झाले. चाचांकडं एक पितळी कुलूप होतं, किल्ली हरवलेलं, कडी उघडीच राहिलेलं. ज्याचा नंबर, त्याच्या गाडीच्या दांडीला चाचा ते अडकवायचे. ते कुलूप पिशवीत घेऊन कोर्टात जायचं, साहेबांनी विचारलं की 'कबूल' म्हणायचं, दंड रांग मिळून भरायची, आणि कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. येताना कोर्टाच्या कँटीनमधला वडा खायचा, तो रांगेकडून. गुन्हा हा शब्द आमच्यात कुणी काढत नव्हतं. आम्ही म्हणायचो नंबर.

त्या महिन्यात नंबर चाचांचा होता, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांच्यामागं मी. लग्नसराई, माझ्याकडं साड्यांचा हा ढीग.

"मी जाते की," उजू म्हणाली होती. बारावीची परीक्षा तोंडावर होती. नुकतीच तिला अठरा पूर्ण झालेली.

"जा. तिथं पंखा आहे. इतिहासाचं पुस्तक ने."

संध्याकाळी आली ती हसतच. "आई, मला रोज पाठव. तीन धडे झाले. घरी एक होत नाही."

पत्राच्या तिसऱ्या दिवशी, सहा तारखेला, आम्ही मायलेकी जिल्ह्याच्या गावाला गेलो. अधीक्षक कार्यालयाच्या गेटवर एक पोलीस रजिस्टर घेऊन बसला होता. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, सही केली.

"वेळ टाका, मावशी."

"भिंतीवर घड्याळ आहे की. तुम्हीच टाका."

"ज्याची त्यानंच टाकायची. वेळेशिवाय आत सोडत नाही. उद्या कुणी विचारलं, बाई कधी आली, तर मी काय सांगू?"

मी लिहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मनात म्हटलं, किती हा काटेकोरपणा.

आतले कारकून वयस्क होते. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी फाईल काढली, उजूचा फॉर्म उघडला आणि त्या 'नाही'वर बोट ठेवलं. वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, माझ्या रागाला जायला जागा मिळाली असती.

"शिक्षा झाली होती की नव्हती?"

"झाली, पण तशी नव्हे," मी म्हणाले.

"शिक्षा तशी आणि अशी नसते, बाई."

"हे बघा." मी कॉलेजचं पत्र पुढं केलं. ते आणायला दोन दिवस प्राचार्यांच्या दारात बसले होते. "केसमध्ये म्हटलंय, एकोणीस जानेवारीला सकाळी साडेअकराला हिनं मशीन मांडून वाहतूक अडवली. त्या वेळी ही पूर्वपरीक्षेचा पेपर लिहीत होती. ही हजेरी, ही सही."

त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचलं, परत वर केला. "म्हणजे ती रस्त्यावर नव्हतीच?"

"नव्हती."

"मग कोर्टात कबूल का म्हणाली?"

आता काय सांगायचं? मी नंबरचं सगळं सांगितलं. कुलपासकट. ते ऐकत राहिले. मध्ये एकदा हसू आलं त्यांना, ते त्यांनी खोकून घालवलं.

"बाई, तुम्ही काम फार अवघड करून ठेवलंय," ते म्हणाले. "मघापर्यंत मुलगी एकदाच खोटं बोलली होती, फॉर्मात. आता तुम्ही पुरावा आणलात की कोर्टातही खोटं बोलली. यातलं कुठलं खोटं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, ते घरी ठरवून या."

"आणि ज्यानं केस लिहिली, त्याचं खोटं?"

"त्याची फाईल माझ्याकडं नाही." त्यांनी फॉर्म मिटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुन्हा किरकोळ आहे हो. हिनं 'हो' लिहिलं असतं तर साहेबांनी कदाचित बघितलंही नसतं. लपवलं, ते नडलं. 'नाही' लिहायला सांगितलं कुणी हिला?"

उजू माझ्याकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"मी," मी म्हणाले.

खरंच मीच. फॉर्म भरताना तिनं विचारलं होतं, आई, यात शिक्षेचं विचारलंय. मी कणीक मळत होते. म्हटलं, आपल्या घरात काय चोर राहतात? लिही नाही.

"असं असेल तर एकच सुचवतो," कारकून म्हणाले. "ही नावं द्यायची पद्धत आहे, याचा पुरावा आणा. कुणीतरी लिहून द्या, सही करा. तोंडी मी साहेबांपुढं ठेवू शकत नाही."

परतीच्या एसटीत उजू खिडकीशी बसली. मी म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या तरी दे."

"तू पुढच्या वेळी माझं नाव घालायच्या आधी विचार," ती म्हणाली.

बस एवढंच. त्या दिवशी भोईट्यांनी विचारलं होतं, नाव कुणाचं घालू, तुझं की हिचं? आणि मी दोरा दातानं तोडता तोडता म्हणाले होते, हिचंच घाला, जाणार हीच आहे. ते उजूनं ऐकलेलं होतं. दोन वर्षं तिनं ते मनात ठेवलं आणि मला कळू दिलं नाही.

स्टँडवर उतरलो तर माझ्या मशीनच्या दांडीला कुलूप लटकत होतं. या महिन्याचा नंबर माझा.

मी ते काढून चाचांपुढं धरलं. "चाचा, मला एक कागद हवाय. दोन ओळी. नंबर असतात, नावं रांग देते, एवढंच लिहायचं. खाली तुमची सही."

चाचांनी कानस खाली ठेवली. म्हातारा माणूस, उजू लहान असताना तिला छातीवर घेऊन झोपवलेलं त्यांनी. त्यांच्याच नंबरापायी हे सगळं झालं, हे त्यांनाही माहीत होतं.

"यमुना, तू मला जहर मागितलंस तर आणून देईन," ते म्हणाले. "सही मागू नकोस. मी सही केली की उद्या सकाळी इथं चौदा खड्डे दिसतील. तुझा पंधरावा."

"माझा चौदातच आहे, चाचा."

"बघ, मला मोजताही येत नाही. मी काय सही करू?"

तेवढ्यात भोईटे आलेच. त्यांना सगळं कळलं होतं. मशीनच्या फळीवर टेकून ते मोठ्या मायेनं म्हणाले, "यमुनाबाई, कशाला एवढा घोळ घालतेस? हिला लिहू दे, विसरले. पोरीचं वय लहान. विसरणं हा काही गुन्हा नाही."

"मी विसरले नव्हते, काका," उजू म्हणाली. "मला ती शिक्षा वाटलीच नव्हती. तुम्हीच म्हणाला होतात, बस पंख्याखाली."

"मग आता विसर."

"उद्या मी कुणाचा जबाब घेतला आणि तो म्हणाला, विसरलो, तर काय लिहू?"

भोईटे हसले. "पोलीस व्हायच्या आधीच पोलिसांना शिकवायला लागली. हुशार आहे. होईल हिचं काम." मग मला म्हणाले, "चौदा तारखेला कोर्ट. वेळेवर ये."

खरं सांगते, चौदा तारखेला सकाळी मी 'कबूल' म्हणायलाच निघाले होते. रात्रभर राग राग केला होता, स्वतःचा सगळ्यात जास्त. पण पोळ्या लाटताना एकेक तोंड डोळ्यांपुढं आलं. चाचा. चपलांवाल्याची दोन पोरं. कंगवेवाली, जिला रांगेशिवाय घरच नव्हतं. उजूचं नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं, आता तेरा घरांचं कशाला? मी कुलूप पिशवीत टाकलं. उजू खुलासा लिहायला बसली होती. मी तिला म्हटलं, "मी नंबरला जाऊन येते." तिनं मान वर केली नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात भोईट्यांनी नेहमीसारखा कागद पुढं केला. "इथं सही कर. पोच."

रांगेतलं कुणी तो कागद वाचत नसे. सही करायची, अंगठा उठवायचा, झालं. मीही आधीच्या तीन नंबरांना वाचला नव्हता. एरवी कुठलाही कागद दिसला की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांच्या साड्या ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत त्यांच्यावर झालं. कोर्टाचा कागद मात्र मी वाचण्यातला मानला नव्हता. त्या दिवशी उजूच्या पत्रानं डोळे उघडले होते. मी वाचला.

'दिनांक सहा रोजी सकाळी अकराच्या सुमारास यातील आरोपी यमुना किसन ढगे ही एसटी स्टँडसमोर सार्वजनिक रस्त्यात शिलाई मशीन मांडून रहदारीस अडथळा करताना समक्ष मिळून आली.'

मी तो पुन्हा वाचला. समक्ष मिळून आली.

"भोईटे, सहा तारखेला सकाळी मी कुठं होते?"

"असशील कुठंतरी. मी काय तुझ्या मागं फिरतो? कर सही."

"तुम्ही लिहिलंय, समक्ष मिळून आली."

"ते छापील असतं."

"तारीख पण छापील असते?"

"यमुनाबाई, आज मला सतरा केसेस आहेत. आत चल."

मी सही केली. खाली वेळही टाकली. आत गेले.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या, उजूपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मान खाली घालून लिहीत होत्या. माझ्या आधी तिघांची नावं पुकारली. आरोप वाचला, कबूल, शिक्षा. आरोप, कबूल, शिक्षा. मशीनवर पिको करावी तसं चाललं होतं, एक काठ संपला की दुसरा.

"यमुना किसन ढगे, हाजिर हो."

मी उभी राहिले. त्यांनी आरोप वाचला, वर न बघता. "कबूल आहे का?"

"नाही."

पेन थांबलं. पुकारणाऱ्या शिपायानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, बाई बहिरी आहे. तो हळूच म्हणाला, "मावशी, कबूल म्हणायचं असतं."

"मला माहीत आहे काय म्हणायचं असतं," मी म्हणाले. "नाही कबूल."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही रस्त्यात मशीन लावत नाही?"

"लावते, साहेब. अठरा वर्षं लावते. पण सहा तारखेला अकरा वाजता लावलं नव्हतं."

"मग कुठं होतात?"

"पोलिसांकडं."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "नीट सांगा."

"जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. गेटवरच्या रजिस्टरात माझी सही आहे. वेळ आहे, अकरा वाजून दहा मिनिटं. मला ती टाकायची नव्हती, तिथल्या पोलिसानं टाकायला लावली. आणि या हवालदारांनी त्याच वेळी मला इथं साठ किलोमीटरवर समक्ष बघितलं."

सरकारी वकील उठले आणि परत बसले. बाईंनी भोईट्यांकडं बघितलं. भोईटे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"आरोप नाकबूल, असं लिहून घेते," बाई म्हणाल्या. "पण समजून घ्या. आता खटला चालेल. तारखा पडतील, यावं लागेल. कबूल केलंत तर आज संपतं."

"आज संपत नाही, साहेब," मी म्हणाले. आवाज चढला होता, तो मला आवरला नाही. "दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं याच बाकावर बसून संपवलं होतं. ते आता सुरू झालंय."

त्यांनी विचारलं, म्हणजे काय. मी सांगितलं. नंबर, कुलूप, पूर्वपरीक्षा, फॉर्म. त्यांनी मध्ये दोनदा थांबवलं, यातलं काही या खटल्यात येत नाही म्हणून. पण मी रजिस्टराचं आणि तारखेचं जे बोलले, ते त्यांनी शब्द न शब्द लिहून घेतलं. नक्कल मिळेल का, विचारलं. अर्ज करा, म्हणाल्या. जातमुचलका लिहून दिला. पुढची तारीख मिळाली.

"तुम्ही जाऊ शकता," बाई म्हणाल्या.

मला कुणी शिक्षा केलेली नव्हती. तरी मी गेले नाही. मागच्या बाकावर, भिंतीकडून दुसऱ्या जागी बसले, कारण तिथंच वर पंखा होता आणि उजू तिथंच बसली असणार. अजून तेरा जण 'कबूल' म्हणायचे होते. मी प्रत्येकाचं तोंड बघितलं. एकानंही हातातला कागद वाचलेला नव्हता.

दुपारी उजू आली. रांगेपर्यंत बातमी गेली होती.

"चाचा म्हणतात, तू वेडी झालीस."

"तू काय म्हणतेस?"

ती शेजारी बसली. हातात खुलाशाचे चार कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. "मी खरं ते लिहिलंय. तुझी नक्कल मिळाली की जोडते."

नक्कल जोडली. निवड रद्द व्हायची ती झालीच, चार ओळींत. पंधरा दिवसांत खुलासा मागणाऱ्यांना कोर्टाच्या निकालासाठी थांबायला वेळ नव्हता. माझा निकाल लागायला तीन वर्षं आणि एकवीस तारखा गेल्या. गेटवरचं ते रजिस्टर कोर्टात आलं, माझं वेडंवाकडं 'अकरा दहा' सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं, आणि मी निर्दोष सुटले. तोवर आमची रांग दोनदा उचलली गेली होती आणि दोनदा परत बसली होती. चाचा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. उजू पुढं एसटीत कंडक्टर झाली. खाकीच. त्या फॉर्मातही तोच प्रश्न होता, उत्तराला बोटभर जागा. तिनं 'हो' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'सोबत चार पाने जोडली आहेत.' मला विचारलं नाही. मी कणीकच मळत होते.

पण हे पुढचं. त्या दिवशी आम्ही दोघी त्या बाकावर बसून राहिलो. उजूनं दोनदा विचारलं, "आई, तुला सोडलंय ना? मग चल की."

"थांब."

साडेपाचला शिपाई ओरडला, सगळे उभे राहिले, बाई आत गेल्या. कोर्ट उठलं. भोईटे त्यांची सतरा केसेसची फाईल काखेत मारून दाराकडं निघाले. मी मध्ये उभी राहिले.

"आता काय राहिलं, बाई?" ते म्हणाले. "केलंत ना मनासारखं? आता बघा तुम्ही." अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं.

मी पिशवीतून कुलूप काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. सवयीनं त्यांची मूठ मिटली.

"हे काय?"

"पुढच्या तारखेला तुम्हाला साक्षीला उभं राहायचंय," मी म्हणाले. "नंबर तुमचा."